जाळं साध्या ओळींतच ठेवा

सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हल्ली एक मत इतक्या सराईतपणे ऐकवलं जातं, की ते केवळ मत आहे याचाच विसर पडावा. कोण कोणाला ओळखतं, कुठला रस्ता कुठल्या चौकाला मिळतो, कुठलं प्रथिन कुठल्या प्रथिनाला चिकटतं, कुठल्या वेबपानावरून कुठल्या पानावर जाता येतं, अशी सगळी जोडण्यांची माहिती साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवणं म्हणे पोरखेळ आहे. कॉलेजातल्या मुलांनी असाइनमेंटपुरतं करावं. जाणत्यांनी ग्राफ डेटाबेस उभा करावा, नाहीतर बायनरी फाईल वापरावी. हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांतले पुष्कळजण माझ्यापेक्षा मोठी यंत्रं हाताळतात. पण यंत्र मोठं म्हणून म्हणणं खरं, असा काही नियम नाही. म्हणून हा प्रतिवाद.

इथे ग्राफ म्हणजे शेअरबाजाराचा चढउतार दाखवणारी रेघ नव्हे. ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढंच. ठिपक्याला नोड म्हणायची रीत आहे. रेषेला मी जोडणी म्हणतो. हे टेक्स्ट फाईलमध्ये ठेवायची सर्वांत दरिद्री पद्धत अशी: एका ओळीत एक जोडणी, दोन आकडे, मधे एक मोकळी जागा. '१ २' लिहिलं की पहिला आणि दुसरा नोड जोडला गेला. थोडी ऐपत असेल तर वर नोडांची नावं, मग एक खूण, मग खाली जोडण्या. टीजीएफ नावाचा प्रकार एवढ्यावरच थांबतो. कुठल्याही संगणकावरच्या कुठल्याही एडिटरमध्ये ही फाईल उघडते.

विरोधकांचं म्हणणं त्यांच्याच जोरात मांडायला हवं. ही फाईल फुगते. ती स्वतःबद्दल काही बोलत नाही: जोडणीला दिशा आहे की नाही, मोजणी शून्यापासून की एकपासून, हे ओळीकडे बघून कळत नाही. तिला कोणीही हात लावू शकतो, म्हणून कोणीही बिघडवू शकतो. आणि ग्राफ हे मुळात चित्र आहे, त्याला ओळींत कोंबणं हाच अन्याय. यांतला स्वतःबद्दल न बोलण्याचा आक्षेप मी त्यांच्याहून तिखट मांडू शकतो, आणि खाली मांडणारही आहे. भांडण आहे ते त्यांच्या निष्कर्षाशी.

चित्राचा मुद्दा आधी घेतो, कारण तो ऐकायला गोड आहे आणि इतिहासाला धरून नाही. ग्राफ सिद्धांताची गोष्ट लिओनार्ड ऑयलर आणि कोनिग्सबर्गचे पूल इथून सुरू करतात. प्रेगेल नदी, चार भूभाग, सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं फिरता येईल का? पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाशेजारी चार ठिपक्यांचं आणि सात रेषांचं चित्र असतं, आणि ते ऑयलरनंच काढलं असं वाचक धरून चालतो. ऑयलरनं ते काढलंच नाही. १७३६ सालाशी जोडल्या जाणाऱ्या त्याच्या निबंधात पुलांचे नकाशे आहेत, ठिपक्या-रेषांची आकृती नाही. ती दीडशेहून अधिक वर्षांनी, १८९२ साली, रूज बॉलच्या गणितरंजनाच्या पुस्तकात आली. ऑयलरनं काय केलं? भूभागांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली आणि फेरफटका म्हणजे अक्षरांची एक ओळ मानली. सात पूल ओलांडायचे तर ओळीत आठ अक्षरं हवीत. मधल्या बेटाला पाच पूल, म्हणून त्याचं अक्षर तीनदा यायला हवं. उरलेल्या तिघांना तीन-तीन पूल, म्हणून त्यांची अक्षरं प्रत्येकी दोनदा. तीन आणि सहा, नऊ. आठ जागांत नऊ अक्षरं बसत नाहीत, प्रश्न मिटला. ज्या शास्त्रातली पहिली सिद्धता अक्षरांच्या ओळीत मांडली गेली, त्या शास्त्राला ओळ परकी कशी?

शिवाय चित्राची मातब्बरी किती नोडांपर्यंत? शंभरापर्यंत ठीक. काही हजार नोडांचं चित्र काढून बघा, न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता दिसेल. त्यातून कोणी काही वाचू शकत नाही. वाचल्याचा आव तेवढा आणता येतो, आणि परिषदांतल्या स्लाइडींवर तो पुष्कळ आणला जातो.

आता डेटाबेस. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे, कारण काम करायची जागा आणि जपून ठेवायची जागा यांतला फरक पुसला गेला आहे. एकाच वेळी दहा जणांनी नोंदी बदलायच्या असतील, 'मित्राच्या मित्राचे मित्र' असे प्रश्न सेकंदाला शेकड्यानं विचारायचे असतील, तर डेटाबेस हवाच. टेक्स्ट फाईलवर ते करू बघणारा वेडा. पण 'रोजच्या कामाला डेटाबेस लागतो' या खऱ्या वाक्यावरून 'म्हणून माहितीचं घर डेटाबेसच' या वाक्यावर उडी मारली जाते, आणि ती उडी कोणी अडवत नाही.

फ्रीबेसचं काय झालं ते बघा. जगातल्या माणसांची, गावांची, सिनेमांची, पुस्तकांची आणि त्यांच्या परस्परसंबंधांची ही प्रचंड खुली नोंदवही मेटावेब या कंपनीनं २००७ साली लोकांसमोर आणली. नोंदी लोकांनी भरायच्या, दुरुस्त करायच्या, एकमेकींना जोडायच्या. खाली इंजिन होतं ते मेटावेबनं स्वतः घडवलेलं ग्राफ डेटाबेसचं. विरोधक जे मागतात अगदी तेच. २०१० साली गूगलनं मेटावेब विकत घेतली. ३१ मार्च २०१५ ला फ्रीबेस फक्त वाचण्यापुरतं उरलं, २०१६ साली सेवा बंद झाली. लोकांनी वर्षानुवर्षं भरलेल्या त्या जाळ्यातलं आज हातात काय आहे? एक टेक्स्ट फाईल. एन-ट्रिपल्स नावाच्या प्रकारातली, एका ओळीत एक विधान: कर्ता, संबंध, कर्म, शेवटी टिंब. सुमारे १९० कोटी ओळी. दाबून २२ जीबी, उघडली तर २५० जीबी. सर्व्हर गेला, प्रश्न विचारायची भाषा गेली, कंपनीचं नाव गेलं. उरल्या त्या ओळी. आजही एखादा संशोधक ती फाईल उतरवून घेतो आणि ग्रेपसारख्या जुन्यापुराण्या आज्ञेनं तिच्यात हवं ते शोधतो. ती ओळी-ओळींची आहे म्हणून हे जमतं. उघडलेली २५० जीबी यंत्राच्या स्मरणात मावायची गरजच नाही. एक ओळ वाचा, कामाची नसेल तर सोडा, पुढची घ्या.

यावर उत्तर येतं की आता दिवस बदललेत, ग्राफ डेटाबेसना आंतरराष्ट्रीय मानक मिळालं आहे. मिळालं आहे, खरंच. २०२४ साली आयएसओनं जीक्यूएल प्रसिद्ध केलं, आणि ते स्वागतार्ह आहे. पण ती डेटाबेसला प्रश्न विचारायची, नोंदी घालायची-काढायची भाषा आहे. डिस्कवर आत काय आणि कसं लिहायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. म्हणून एका उत्पादनातून दुसऱ्यात जायची वेळ आली की हेच जाणते लोक काय करतात? सगळं सीएसव्हीत, म्हणजे साध्या टेक्स्टमध्येच, उतरवतात. निओफोरजेसारख्या नावाजलेल्या डेटाबेसमध्ये मोठा ग्राफ एकदम भरायचा असेल तर त्याचं आयातीचं साधन नोडांची एक आणि जोडण्यांची एक, अशा सीएसव्ही फाईली घेतं. पोरखेळ पुढच्या दारानं हाकलला, मागच्या दारानं रोज येतोय.

बिघडण्याच्या आक्षेपापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथे प्रतिपक्षाच्या हाती पुरावा आहे आणि तो त्यांना नीट वापरता येत नाही. वेन झॅकरी या मानववंशशास्त्रज्ञानं १९७० ते ७२ या काळात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कराटे क्लबचं निरीक्षण केलं. प्रशिक्षक आणि क्लबचा पदाधिकारी यांच्यात फीवरून बिनसलं आणि क्लब फुटला. झॅकरीनं ३४ सदस्यांत कोणाची कोणाशी क्लबबाहेर उठबस होती याचा तक्ता १९७७ च्या शोधनिबंधात छापला. पुढे हा ग्राफ इतका वापरला गेला, की परिषदेत पहिल्यांदा त्याचं उदाहरण देणाऱ्याला एक गमतीदार करंडक द्यायची प्रथाच संशोधकांनी पाडली. या ग्राफमध्ये ७८ जोडण्या आहेत असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण छापील तक्त्यात २३ आणि ३४ या दोघांच्या जागी विसंगती आहे: एका बाजूनं बघितलं तर जोडणी आहे, दुसऱ्या बाजूनं नाही. म्हणजे जोडण्या ७७ धरा किंवा ७८.

टेक्स्टवाल्यांच्या तोंडावर फेकायला हे उत्तम उदाहरण. बघा, साध्या आकड्यांत ठेवलं की असं होतं! पण चूक सापडली ती कशामुळे, हे कोणी विचारत नाही. चौकोनी तक्त्यात प्रत्येक जोडणी दोनदा लिहावी लागते, एकदा आडव्या ओळीत आणि एकदा उभ्या रकान्यात. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत म्हणून चूक डोळ्यांना दिसली. आणि ती कागदावर, वाचता येईल अशा रूपात होती म्हणून दिसली. बायनरी फाईलमध्ये तीच चूक तशीच राहिली असती. फक्त तिच्यावर बोट ठेवायला कोणी आत डोकावलं नसतं.

इथे माझ्या पक्षालाही टोचणारी गोष्ट आहे, ती लपवत नाही. झॅकरीनं तक्त्याऐवजी मी ज्याची तरफदारी करतोय ती जोडण्यांची यादी छापली असती, तर २३–३४ ही ओळ एकतर असती किंवा नसती. विसंगतीच उरली नसती, आणि संशयही नाही. यादी प्रत्येक गोष्ट एकदाच सांगते. एकदाच सांगणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही. आटोपशीरपणाची ही किंमत आहे. तिच्यावरचा इलाज मात्र टेक्स्टच्या बाहेर जाऊन शोधावा लागत नाही.

इलाज बघायचा तर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथकडे जावं. १९९३ साली त्यानं स्टॅनफर्ड ग्राफबेस हा कार्यक्रमांचा आणि माहितीचा संच प्रसिद्ध केला. त्यात व्हिक्तोर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' मधल्या पात्रांची एक फाईल आहे. प्रत्येक पात्राला दोन अक्षरांचं लघुनाम, आणि मग प्रकरणागणिक ओळ: या प्रकरणात अमुक-अमुक एकत्र, अर्धविराम, मग तमुक-तमुक एकत्र. म्हणजे फाईलमध्ये ग्राफ नाहीच, कादंबरीत कोण कोणाला कुठे भेटलं त्याची नोंद आहे. ग्राफ त्यातून कार्यक्रमानं तयार करायचा. हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. जोडणी हा निष्कर्ष आहे. भेट ही साक्ष. कनूथनं साक्ष जपली आणि निष्कर्ष ज्याचा त्यानं काढावा म्हणून मोकळा ठेवला. वर, फाईलच्या डोक्यावरच किती ओळी आहेत तो आकडा आणि पडताळणीची एक संख्या. वाचणारा कार्यक्रम दोन्ही तपासतो. कोणी एक अक्षर इकडचं तिकडे केलं तर हिशेब जुळत नाही आणि फाईल नाकारली जाते. कोणीही बिघडवू शकतो हा आक्षेप १९९३ साली, साध्या टेक्स्टच्या चार ओळींत निकालात निघाला होता. तीस वर्षांनंतरही तो नव्यानं ऐकावा लागतो.

पण याच फाईलच्या पुढच्या प्रवासात स्वतःबद्दल न बोलणाऱ्या फाईलींचं पाप उघडं पडतं, आणि ते मी आधीच कबूल केलं आहे. कनूथच्या यादीत ८० पात्रं आहेत. हाच ग्राफ जीएमएल या टेक्स्ट प्रकारात मार्क न्यूमन या संशोधकानं दिला आणि तोच पुढे शिकवण्या-शिकवण्यांतून फिरला. त्यात पात्रं ७७. जोडण्या दोन्हीकडे २५४. मग तीन पात्रं गेली कुठे? ज्यांना कोणीच भेटलं नाही त्यांची एकही जोडणी नाही, आणि जोडणीच्या आधारानंच मोजायचं ठरलं तर त्यांना जागा नाही. निव्वळ जोडण्यांची यादी एकट्या माणसाला ओळखतच नाही. समाजाचा अभ्यास करणाऱ्यांना तर नेमका हाच माणूस शोधायचा असतो.

आणखी पुढे. तीच माहिती रंगभरणीच्या गणितासाठी डिमॅक्स या प्रकारात गेली. तिथे डोक्यावर एक ओळ असते: नोड किती, जोडण्या किती. पात्रं परत ८०, छान. जोडण्यांचा आकडा मात्र ५०८, कारण प्रत्येक जोडणी दोन्ही बाजूंनी लिहिली गेली. त्याच संग्रहातल्या पाच बाय पाचच्या पटावरच्या वजिराच्या ग्राफमध्ये १६० जोडण्या असायला हव्यात, आणि डोक्यावर लिहिलंय ३२०. ज्याला माहीत नाही तो दुप्पट जोडण्यांवर घनता काढून मोकळा होतो. मोजणीचीही तीच तऱ्हा. झॅकरीचे सदस्य १ ते ३४. पायथनच्या नेटवर्कएक्स लायब्ररीत तेच ० ते ३३. वर सांगितलेली संशयित जोडी तिथे २२ आणि ३३ होते. दोन फाईली डोळे मिटून एकत्र केल्या तर वेगळाच क्लब फुटेल.

हे सगळं मान्य. आता सांगा, यांतला कुठला दोष टेक्स्टचा आहे? वर एक ओळ लिहायची राहिली किंवा चुकीची लिहिली गेली. बायनरी फाईलच्या डोक्यावर '५०८' असे चार बाइट असते तर तेही तितकेच खोटे असते, फक्त ते खोटं आहे हे कळायला आयुष्य गेलं असतं. डिमॅक्सची फाईल उघडून पहिल्या वीस ओळी वाचल्या की '१ ७' आणि '७ १' दोन्ही दिसतात आणि भानगड पाच मिनिटांत उमगते. 'लाखो ओळी वाचतो कोण?' हा टोमणा नेहमीचा. सगळ्या कोणीच वाचत नाही. पहिल्या वीस वाचल्या जातात, मधल्या दहा, शेवटच्या पाच. आणि कालच्या व आजच्या फाईलमधला फरक वाचला जातो: जोडण्या क्रमानं लावलेल्या असतील तर एक जोडणी बदलल्यावर बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये नेमकी एक ओळ लाल आणि एक हिरवी दिसते. कोणी, कधी, का बदललं हे त्या ओळीशेजारी. ही सोय बायनरीत नाही.

टेक्स्ट म्हणजे आपोआप वाचनीय, असंही माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रेंडन मॅके यांचा ग्राफसिक्स हा प्रकार छापता येणाऱ्या अक्षरांतच लिहिला जातो, पण माणसाला त्यातून काही कळत नाही. दहा नोडांचा पीटरसन ग्राफ त्यात नऊ अक्षरांत मावतो! लाखो छोटे ग्राफ ओळीगणिक ठेवणाऱ्या गणितज्ञांना तो सोन्यासारखा आहे, आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. एका ओळीत एक ग्राफ ही शिस्त त्यांनीही सोडली नाही, हे मात्र लक्षात घ्यावं.

फुगण्याचं गणित आता आकड्यांत करू. ट्विटरवर कोण कोणाला फॉलो करतं याचा दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २००९ साली जमवलेला ग्राफ मोठ्या ग्राफांच्या कसोटीला नेहमी वापरतात. सुमारे ४ कोटी १७ लाख नोड, १४७ कोटी जोडण्या. प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त आठ-आठ अंकी दोन आकडे, एक मोकळी जागा, एक ओळीचा शेवट: १८ बाइट. सगळे मिळून साडेसव्वीस जीबीच्या आत. तेच चार-चार बाइटांच्या आकड्यांत बायनरी लिहिलं तर पावणेबारा जीबी. म्हणजे सव्वादोन पट. एवढ्यासाठी आभाळ कोसळल्याचा आव? फ्रीबेसची टेक्स्ट फाईल दाबल्यावर अकरावा हिस्सा झाली होती हे वर आलंच आहे. खरा खर्च जागेचा नसून वाचण्याचा आहे. अंकांची अक्षरं परत आकड्यांत बदलायला यंत्राला वेळ लागतो, आणि तो रोज शंभरदा लागणार असेल तर चीड येणं रास्त आहे. अशा वेळी मिलानच्या पाओलो बोल्दी आणि सेबास्तियानो विन्या यांनी २००४ साली मांडलेली वेबग्राफची पद्धत वापरावी. वेबपानांच्या ग्राफमध्ये ती एक दुवा जवळजवळ तीन बिटांत बसवते. अप्रतिम काम आहे. पण ती फाईल टेक्स्टवरून कधीही नव्यानं बनवता येते, म्हणून ती हरवली तरी झोप उडत नाही. मूळ प्रत कुठली आणि कामचलाऊ प्रत कुठली, हे कळलं की पुरे. अमेरिकेच्या रस्त्यांचा २ कोटी ३९ लाख नोडांचा ग्राफ २००६ च्या सुमाराच्या डिमॅक्स स्पर्धेसाठी टेक्स्टमध्येच वाटला गेला, आणि सर्वांत जवळचा मार्ग शोधणारे संशोधक आजही आपापली गती त्यावरच मोजतात.

जनुकांच्या नावांचा दाखला एक्सेलवाले आमच्यावर टाकतात, त्याला दोन वाक्यं पुरतील. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावं असलेल्या याद्या एक्सेलमध्ये उघडल्या की त्यांच्या तारखा होत, इतक्या सर्रास, की २०२० साली नामकरण समितीनं जनुकांचीच नावं बदलली. फाईलमध्ये नाव बरोबर होतं. न विचारता अंदाज बांधणाऱ्या कार्यक्रमानं ते नासवलं.

एका बाबतीत मात्र जुन्या टेक्स्ट प्रकारांवर मीच खटला भरीन. जर्मनीतल्या पासाउ विद्यापीठात मिखाएल हिमसोल्ट यांनी १९९५–९६ च्या सुमारास घडवलेला जीएमएल सात बिटांच्या आस्कीत अडकला आहे. त्याबाहेरचं प्रत्येक अक्षर सांकेतिक आकड्यानं लिहायचं. आपला 'क' तिथे अँपरसँड, हॅश, २३२५ आणि अर्धविराम असा सात खुणांचा होतो. 'कमला' हे नाव अठ्ठावीस खुणांचं. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तेच बारा बाइट. जागेचं सोडा, त्या फाईलमध्ये 'कमला' शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि डोळ्यांनी वाचणं तर विसराच. नेटवर्कएक्स आजही जीएमएल लिहिताना हेच करते. एन-ट्रिपल्सचीही सुरुवातीला हीच गत होती. २०१४ च्या मानकानं यूटीएफ-८ मान्य केलं तेव्हा सुटका झाली. मराठी नावांचा ग्राफ ठेवायचा असेल तर जीएमएलला हात लावू नये, असं मी विद्यार्थ्यांना सरळ सांगेन.

मराठी नावांचे ग्राफ असतात कुठे, असं वाटणाऱ्यांनी घरातला कुलवृत्तांत काढावा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींचा हा ग्राफच आहे. त्याला झाड मानून एकात एक कोंबणाऱ्या जेसनमध्ये भरायला गेलं की मामाच्या मुलीशी झालेल्या पहिल्याच लग्नाला अडतं: दोन फांद्या परत जुळतात, आणि एकच पणजोबा दोन ठिकाणी लिहावा लागतो. मग एका ठिकाणी त्याचं जन्मसाल दुरुस्त होतं, दुसरीकडे राहून जातं. वंशावळींसाठी मॉर्मन चर्चनं १९८४ साली काढलेला जेडकॉम हा टेक्स्ट प्रकार यात शहाणा निघाला. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक, प्रत्येक कुटुंबाला एक, आणि बाकी सगळं त्या क्रमांकांच्या उल्लेखांतून. त्याच्याही जुन्या आवृत्त्यांत लिपीची बोंब होती; २०२१ ची सातवी आवृत्ती फक्त यूटीएफ-८ स्वीकारते.

उरतो तो शेवटचा प्रश्न: मग टेक्स्टचा नवा, नेटका, सर्वसमावेशक प्रकार काढावा का? दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी काढतं. ग्राफएमएल आला, जीईएक्सएफ आला; दोन्ही एक्सएमएलचे, दोन्ही विद्वान, आणि दोन्हींत एक जोडणी सांगायला टोकदार कंसांची अख्खी मिरवणूक. मला त्यांची गरज क्वचितच पडली. ल्युब्लियानाच्या व्लादिमीर बातागेल्य आणि आंद्रेय म्र्वार यांनी १९९६ साली सुरू केलेल्या पायेक या कार्यक्रमाचा फाईलप्रकार बघा. वर नोडांची संख्या, त्याखाली हवी असतील तर अवतरणचिन्हांत नावं. म्हणजे एकटा माणूस हरवत नाही. मग एका मथळ्याखाली दिशा असलेल्या जोडण्या आणि दुसऱ्या मथळ्याखाली दिशा नसलेल्या. म्हणजे दिशेचा प्रश्न मिटला, आणि २५४ चे ५०८ व्हायला निमित्त राहिलं नाही. मोजणी एकपासून, ठरलेली. एका ओळीत एक जोडणी, पुढे वजन. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, जोडण्या क्रमानं लावा. कनूथसारखी पडताळणीची संख्या त्यात नाही, ही उणीव खरी आहे. पण फाईलशेजारी तिच्या शा-२५६ या पडताळणी-संख्येची एक ओळ ठेवायला डेटाबेसचा सर्व्हर लागत नाही.